दंडगोलाकार आयन सापळा

द्रव्यमान वर्णपटमापकातील (आयन द्रव्यमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणातील) चतुर्ध्रुवी आयन सापळ्याचे, म्हणजे विद्युत् क्षेत्राने आयन कोंडणाऱ्या भागाचे, सोपे व स्वस्त रूप. मूळ सापळ्यातील तीन अपास्तीय (हायपरबोला आकाराच्या) इलेक्ट्रोडांऐवजी यात एक नळकांडे आणि त्याच्या दोन्ही तोंडांशी भोक पाडलेल्या सपाट चकत्या असतात. हे भाग साध्या लेथवर निघतात.

मूळ तत्त्वाच्या पेटंटसाठी व्होल्फगांग पाउल व हेल्मुट श्टाइनवेडेल यांनी 1953 मध्ये अर्ज केला. पाउल यांना 1989 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दंडगोलाकार रूपाचा उगम सहसा लँगम्युअर व सहकाऱ्यांच्या 1962 च्या अमेरिकी पेटंटात दाखवतात. तेथे हेतू मात्र भारित कण कोंडून ठेवण्याचा होता. द्रव्यमान विश्लेषक म्हणून त्याचा आरंभ पर्ड्यू विद्यापीठातील ग्रॅहॅम कुक्स यांच्या गटाच्या 1998 च्या कामापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

नळकांड्यावरील रेडिओ कंप्रतेची व्होल्टता चढवत नेली की हलके आयन आधी व जड नंतर भोकातून बाहेर पडतात. लागणारी व्होल्टता त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आदर्श आकारात, 1.1 मेगाहर्ट्झला, 10 मिमी त्रिज्येच्या सापळ्यातून 100 द्रव्यमान-भार गुणोत्तराचा आयन काढण्यास सुमारे 1,120 व्होल्ट (शिखरमूल्य) लागतात. 5 मिमीला सुमारे 280.

खरी अडचण क्षेत्राच्या आकाराची. चकतीतील भोकामुळे तेथील क्षेत्र दुबळे होते. बाहेर पडू पाहणारा आयन रेंगाळतो आणि वर्णपटातील त्याचे शिखर पसरते व सरकते. हे सरकणे प्रत्येक संयुगाला वेगळे असल्याने एका प्रमाण संयुगाने सर्वांचे अंशांकन (मोजपट्टी जुळवणे) साधत नाही. उपाय म्हणजे चकत्या दूर नेणे: अपास्तीय व्यापारी सापळ्यांत हे अंतर सुमारे 11% वाढवले गेले. दंडगोलाकार सापळ्यात ते गणकीय प्रतिरूपावरून ठरवावे आणि मग नळकांडे व चकत्यांमधील वॉशर बदलून, मिमीच्या दशांशांत, पारखावे. निरोधकाचा पृष्ठभाग आयनांना उघडा पडला तर त्यावर भार साचतो आणि शिखरे भटकू लागतात. म्हणून सिरॅमिकचे वॉशर धातूच्या कडेआड बसवतात.

रेडिओ कंप्रतेची व्होल्टता वाढवणारी अनुनादी कॉइल सापळा निर्वात पात्रात बसवल्यावरच जुळवावी, कारण पात्राच्या भिंती व विद्युत् जोडण्यांची धारिताही मंडलात येते. कॉइल तापली की जुळणी पुन्हा ढळते.

सापळा स्वस्त झाला तरी निर्वात पंप महागच राहतो. आयनांच्या मंदनासाठी (वेग कमी करण्यासाठी) साधारण 0.1 पास्कल दाबाचा हीलियम वापरतात. हवा चालते, पण तिच्या जड रेणूंमुळे विभेदन (जवळची शिखरे वेगळी दिसणे) घटते. लहान सापळ्यात आयन थोडेच मावतात. गर्दी झाल्यास शिखरे जास्त द्रव्यमानाकडे सरकतात. अशा वेळी आयनीकरणाचा काळ कमी करावा.