पार्श्वभूमी : जनरल शिन्सेकी यांचा आकडा

इराकवरचा हल्ला महिन्याच्या आत आला होता. २५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकी सिनेटच्या लष्करविषयक समितीत कार्ल लेव्हिन यांनी लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांना विचारले, युद्धानंतर इराक सांभाळायला किती फौज लागेल? शिन्सेकी आधी नेमका आकडा द्यायला तयार नव्हते. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, काही लाख सैनिक. दोनच दिवसांत संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी हा अंदाज साफ चुकीचा ठरवला.

आकडा हवेतून आलेला नव्हता. १९९७-९८ मध्ये बॉस्नियात नाटोच्या शांतिसेनेची धुरा शिन्सेकींकडे होती. वांशिक तेढ असलेल्या मुलखात लढाई थांबली तरी लोकांना अन्नपाणी पोचवायलासुद्धा माणसे लागतात, हे त्यांना ठाऊक होते आणि समितीपुढे त्यांनी ते सांगितलेही.

त्यांचे आजी-आजोबा हिरोशिमाहून हवाईत आलेले. शिन्सेकींचा जन्म नोव्हेंबर १९४२चा, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर जवळजवळ वर्षभराने. जपानी वंशाच्या अमेरिकी तरुणांना तेव्हा सैन्यभरतीच्या नोंदीत 'शत्रूदेशीय' गणले जाई. तरीही त्यांचे काका-मामा अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरले. १९६५ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडलेले शिन्सेकी व्हिएतनाममध्ये दोनदा जखमी झाले. १९७० मध्ये सुरुंगाने उजव्या पावलाचा पुढचा भाग नेला. एवढ्यावर लष्कर सोडले असते तर कुणी नावे ठेवली नसती. पण ते अट्टहासाने सेवेत राहिले, ड्यूक विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात एमए झाले, वेस्ट पॉइंटवर शिकवू लागले आणि १९९९ मध्ये लष्करप्रमुख झाले. त्या पदावरचे ते पहिले आशियाई वंशाचे अधिकारी.

जून २००३ मध्ये निवृत्त होताना त्यांनी बजावले होते : दहा डिव्हिजनच्या सैन्याला बारा डिव्हिजनचे काम देऊ नका. इराक धुमसत राहिला. नोव्हेंबर २००६ मध्ये मध्यपूर्वेतील फौजांचे प्रमुख जॉन अबिझेद यांनी सिनेटपुढे मान्य केले की, शिन्सेकी बरोबर होते. तोवर हजारो सैनिक आणि त्याहून किती तरी जास्त इराकी नागरिक मरण पावले होते.

२००९ मध्ये ओबामांनी त्यांना माजी सैनिक कल्याणमंत्री केले. व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या एजंट ऑरेंज या विषारी फवाऱ्याशी जोडलेल्या आजारांची यादी त्यांनी वाढवली, हे काम मला फार मोलाचे वाटते. पुढे फिनिक्स शहरात त्यांच्याच खात्याच्या रुग्णालयात माजी सैनिकांच्या प्रतीक्षायादीचे आकडे लपवल्याचे उघड झाले. काही जणांवर आपण नको तितका विश्वास टाकला, खालून आलेले दिशाभूल करणारे अहवाल खरे मानले, असे शिन्सेकींनी जाहीरपणे कबूल केले आणि त्याच दिवशी, ३० मे २०१४ रोजी, राजीनामा दिला.