उपाशी ठेवून आतडं रिकामं होत नाही

लहान मुलाची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, ठरली की घरातलं कुणीतरी हमखास सुचवतं, "दोन दिवस खायलाच देऊ नका, पोट आपोआप साफ होईल." होत नाही. पुरावा हवा असेल तर नवजात बाळाकडे पाहा. पोटात असताना त्याने अन्नाचा एक कणही खाल्लेला नसतो, तरी जन्मल्यावर ते काळपट हिरवी, चिकट शी करतं. श्लेष्मा, पित्त, आतड्याच्या झडलेल्या पेशी आणि गिळलेलं गर्भजल यांची ती बनलेली असते. पुढेही शीमध्ये अन्नाच्या चोथ्याइतकंच या घरच्या मालाला महत्त्व असतं, शिवाय जीवाणूंचा वाटा चांगलाच मोठा. तेव्हा उपाशी मुलाचं आतडं फार तर थोडं कमी भरलेलं असतं.

मग खाण्यावर एवढी बंधनं कशाला? त्यामागे दोन वेगळी कारणं आहेत आणि त्यांची नेहमी सरमिसळ होते. पहिलं कारण भुलीचं. मुलांना ही तपासणी बहुधा भूल देऊनच करतात आणि भुलीत जठरातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून घन आहार ६ तास, आईचं दूध ४ तास आणि पारदर्शक द्रव साधारण २ तास आधी थांबवतात. याचा मोठ्या आतड्याशी काही संबंध नाही. दुसरं कारण दुर्बिणीचं. बिया, फळांच्या साली, कोंडा हे पचत नाहीत; एखादी बी दुर्बिणीच्या शोषनळीत अडकली की डॉक्टरांची पंचाईत होते. म्हणून आधी कमी चोथ्याचा आहार आणि मग फक्त पारदर्शक द्रव. लाल-जांभळी पेयं वर्ज्य, कारण आत ती रक्तासारखी दिसतात. पण पारदर्शक द्रव म्हणजे नुसतं पाणी नव्हे. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा बेताचा आणि मेंदूची मागणी मोठी, त्यामुळे उपाशीपोटी रक्तातली साखर लवकर उतरते. नुसतं पाणीच भरमसाट पाजलं तर रक्तातलं सोडियमही घसरू शकतं.

खरी सफाई करतं ते औषध, आणि त्याची करामत मला फार आवडते. शाळेत बेदाणे पाण्यात टाकून परासरण शिकलो होतो: विरघळलेले कण जिकडे जास्त, तिकडे पाणी जातं. मग आतड्यात न शोषला जाणारा पदार्थ घातला की पाणी तिथेच थांबेल, एवढं सोपं! म्हणून एके काळी मॅनिटॉल ही साखर देत. पण आतड्यातले जीवाणू ती आंबवून हायड्रोजन वायू तयार करतात. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, कापताना विजेची ठिणगी पडली की या वायूचा स्फोट होऊ शकतो. १९७९ मध्ये अशा स्फोटातून झालेल्या मृत्यूची नोंद आहे.

१९८० मध्ये अमेरिकेतले पोटविकारतज्ज्ञ जॉन फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी यावर उत्तर काढलं. त्यांनी घेतलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग: लांबच लांब साखळीचा रेणू. आज प्रचलित असलेल्या 'पेग ३३५०' मध्ये सरासरी ७५ च्या आसपास कड्या असतात. तो शोषला जवळजवळ जात नाही, जीवाणूंनाही पचत नाही. त्याला जोड दिली क्षारांची, तीही हिशेबाने, म्हणजे द्रावणाचा परासरण दाब रक्ताइतकाच राहील. त्यामुळे शरीरातून पाणी ओढलं जात नाही आणि द्रावणातलं पाणी शरीरात शिरतही नाही. जेवढं प्यायलं तेवढं बाहेर.

पण आतड्याला सोडियम शोषायची दांडगी हौस, आणि सोडियम गेलं की मागोमाग पाणी जातं. इथे खरी गंमत आहे. साध्या मिठात सोडियमबरोबर क्लोराइड असतं आणि तेही सहज आत जातं. या द्रावणात बरंचसं सोडियम सल्फेटच्या रूपात घातलं. सल्फेटवर ऋणभार दुप्पट आणि आतड्यातून त्याला आत शिरणं अवघड. सोडियम एकटं आत जाऊ लागलं की मागे ऋणभार उरतो आणि तोच त्याला मागे खेचतो. ओआरएसमध्ये नेमकं याच्या उलट असतं: तिथे ग्लुकोज सोडियमचा हात धरून त्याला पेशीत नेतं आणि पाणी शोषलं जातं. म्हणून क्षारयुक्त पेगच्या द्रावणात चवीसाठी साखर घालू नये. क्षारविरहित पेगचं गणित वेगळं. ते मुलांना पारदर्शक पेयात मिसळून देतात. मात्रा दोन्हींची वजनावर ठरते. क्षारयुक्त द्रावण नाकातल्या नळीने द्यायचं तर ताशी किलोमागे २५ मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे १५ किलोच्या मुलाला तासाला ३७५ मिलिलिटर. एवढं ते आपणहून कसं पिणार?

पोट साफ करणारी फॉस्फेटची औषधं मात्र घरच्या घरी देऊ नयेत. लहान मुलांमध्ये, अगदी एनिमातूनही, फॉस्फेट रक्तात चढून कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

'आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षं किलोकिलो मळ चिकटलेला असतो' असं सांगून डिटॉक्स विकणाऱ्यांनी एकदा दुर्बिणीतून पाहावं. आतड्याचं अस्तर साधारण ३ ते ५ दिवसांत नवं होतं. भिंतच टिकत नाही तिथे जुना थर कशाला चिकटणार? धुतल्यावर दिसते ती गुलाबी, चकचकीत भिंत आणि तिच्यावरच्या रक्तवाहिन्यांची जाळी. तपासणीला ही जाळीच हवी असते, कारण आतड्याच्या दाहात ती पुसट होते.

औषध दोन हप्त्यांत देतात तेही याच हिशेबाने. रात्री आतडं कितीही स्वच्छ झालं तरी लहान आतड्यातून पित्त आणि पाचकरस खाली येतच राहतात आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लेप धरतो. तो पहाटेच्या हप्त्याने धुतला जातो. शेवटी येणारं पाणी पिवळसर असलं तर चालतं, तो रंग पित्ताचा. तपकिरी, गढूळ किंवा कण असलेलं पाणी येत असेल तर रुग्णालयात पोहोचण्याआधीच फोन करून कळवावं, म्हणजे वाढीव मात्रा द्यायची की तपासणीची वेळ पुढे ढकलायची हे डॉक्टरांना ठरवता येतं.