ऐतिहासिक कॅथेड्रलच्या जतनासाठी देणगी: ठाणे-नवी मुंबईकरांनी अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती लागतात

मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमधून मिस्सा आटोपून बाहेर पडताना मला हमखास विचारलं जातं, "जुन्या गोव्याचं कॅथेड्रल बघून आलो. तिथल्या वेदीसाठी काही द्यायचंय, पैसे कुठे भरू?" कुणी कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलचं नाव घेतं. ठाणं मुंबई महाधर्मप्रांतात येतं, त्यामुळे बिशपांचं आसन असलेलं आपलं कॅथेड्रल ते कुलाब्याचं. दोन्हींसाठी अर्ज वेगळे, कार्यालयं वेगळी आणि करसवलतही वेगळी. म्हणून चेक लिहिण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: त्या वास्तूची दुरुस्ती करायचा अधिकार कुणाकडे आहे?

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलची गोष्ट आधी घेऊ. सेंट कॅथरिनला अर्पण केलेल्या या वास्तूचं काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ मध्ये पूर्ण झालं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभा राहिला नाही. मुख्य वेदीमागे सोनेरी मुलाम्याचं कोरीव लाकूडकाम आहे, त्यात सेंट कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. १९८६ पासून हे कॅथेड्रल जागतिक वारसा यादीत आहे. तिथे रोज प्रार्थना होते, पण संरक्षित स्मारक म्हणून डागडुजी करतं ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. त्यामुळे दानपेटीत टाकलेली नोट त्या लाकूडकामाच्या दुरुस्तीला लागेलच असं धरून चालू नका.

अशा स्मारकासाठी खरी वाट राष्ट्रीय संस्कृती निधीची. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालचा हा निधी १९९६ मध्ये स्थापन झाला. व्यक्ती, सोसायटी, कंपनी, कुणीही देणगी देऊ शकतं, आणि ती कुठल्या स्मारकासाठी आहे हे देणगीदाराला सांगता येतं. सोबत साधं पत्र जोडा: नाव, पत्ता, पॅन, रक्कम, स्मारकाचं नाव आणि हेतू. हेतू मोघम ठेवू नका. "कॅथेड्रलसाठी" एवढंच लिहिलं तर पैसे छपरालाही जातील, फरशीलाही. ती कामंही गरजेचीच, पण तुमचा जीव चित्रांत आणि कोरीवकामात असेल तर तसं स्पष्ट लिहा. रक्कम मोठी असेल तर निधी, पुरातत्त्व खातं आणि देणगीदार यांच्यात करार होतो आणि कामावर देखरेख करणाऱ्या समितीत देणगीदाराचा प्रतिनिधी बसतो.

या निधीला दिलेल्या रकमेवर १०० टक्के वजावट मिळते, मात्र जुनी करप्रणाली निवडलेल्यांनाच. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर वजावट मिळत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा पावतीवरचं कलम सीएला दाखवून घ्या.

कुलाब्याचं कॅथेड्रल किंवा आपल्या धर्मग्रामाचं जुनं चर्च असेल, तर पैसे जातात सार्वजनिक न्यासाकडे, म्हणजे ट्रस्टकडे. इथेच बहुतेकांची फसगत होते. मी स्वतः एका चर्चच्या दुरुस्तीला पाच हजार रुपये रोख दिले होते, पावतीही व्यवस्थित होती, पण वजावट शून्य. एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या न्यासाला ८०जीची, म्हणजे देणगीदाराला करवजावट मिळवून देणाऱ्या कलमाची, नेहमीची मान्यता सहसा मिळत नाही. जुन्या कायद्याच्या ८०जी कलमात मात्र एक वेगळी तरतूद होती: केंद्र सरकारने ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची म्हणून अधिसूचित केलेल्या मंदिर, मशीद, गुरुद्वारा किंवा चर्चच्या दुरुस्तीला दिलेल्या देणगीवर ५० टक्के वजावट, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणून न्यासाच्या कार्यालयात तीन कागद मागा: धर्मादाय कार्यालयातला नोंदणी दाखला, न्यासाचा पॅन आणि करसवलतीची मान्यता किंवा अधिसूचनेची प्रत. फादरांना हे विचारायला संकोच करू नका.

सोसायटीतल्या किंवा युवक मंडळातल्या मुलांनी मिळून वर्गणी काढायची म्हटली, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१क आडवं येतं. नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करताना धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं काढतात तीच ही परवानगी. सभासदांच्या सह्यांचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि आधी वर्गणी काढली असेल तर तिचा हिशेब तयार ठेवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे प्रत्येकाने थेट न्यासाच्या खात्यात भरणं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी आपल्या सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभागाकडे जरूर शब्द टाकावा. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तू आणि कलाकृतींचं जतन स्पष्टपणे नमूद आहे. ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यापैकी एक निकष बसला की सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च बंधनकारक होतो. काम न्यासामार्फत करायचं तर त्या न्यासाची सीएसआर-१ या अर्जाने केलेली नोंदणी असावी लागते. प्रस्तावात जतनाचं काम मांडा, उपासनेचा खर्च नको. जतन-वास्तुविशारदाचा अहवाल, फोटो आणि कामनिहाय अंदाजपत्रक जोडा. वास्तू पालिकेच्या वारसा यादीत असेल तर वारसा समितीची परवानगीही आधी घ्यावी लागते.

आखाती देशांतले किंवा कॅनडातले नातेवाईक पैसे पाठवणार असतील तर त्यांचा पासपोर्ट कोणत्या देशाचा हे विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. पासपोर्ट परदेशी असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरीही, ती परकीय देणगीच. ती फक्त एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या न्यासाला आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्याच्या ठरावीक खात्यातच घेता येते. मामा-काकांनी ती रक्कम तुमच्या खात्यात टाकून तुम्ही पुढे द्यायची, असं करू नका.