क्लस्टरची स्टॉप स्क्रिप्ट नेहमी कच्ची का राहते, त्यामागचा इतिहास

गेल्या आठवड्यात आमच्या विश्रामबागच्या ऑफिसातल्या नव्या पोराने क्लस्टरची एक स्क्रिप्ट तपासायला पाठवली. (क्लस्टर म्हणजे एका मशीनवरची सर्व्हिस गरज पडली तर दुसऱ्यावर उभी राहावी म्हणून जोडलेली मशीन; ती सर्व्हिस चालू-बंद करते ती ही स्क्रिप्ट.) स्टार्टचा भाग चांगला साठ-सत्तर ओळींचा, डिस्क माउंट झालीय का बघतोय, लायसन्स बघतोय, लॉग लिहितोय, आणि स्टॉपमध्ये तीनच ओळी: एक किल (प्रोसेस मारायची), एक स्लीप पाच (पाच सेकंद थांबायचं) आणि शेवटी एक्झिट झिरो (म्हणजे 'काम नीट झालं' असं उत्तर). पोरगं हुशार आहे, त्याची चूक नाही, ही सवय त्याच्या जन्माच्या आधीपासूनची आहे आणि ती कुठून आली ते नीट सांगावं म्हणून हे लिहितोय.

जुन्या बीएसडी युनिक्समध्ये मशीन चालू होताना आरसी नावाची एक लांबलचक फाइल वरून खाली चालायची, त्यात ओळीने सगळ्या सर्व्हिस सुरू व्हायच्या. बंद करायला सर्व्हिसवार वेगळं काही नव्हतंच. सगळ्या प्रोसेसना टर्म सिग्नल, म्हणजे 'आवरून बंद हो' असा इशारा द्यायचा, थोडं थांबायचं, उरतील त्यांना जबरदस्तीने किल. एटीअँडटीच्या सिस्टिम फाइव्हच्या घराण्यात, म्हणजे १९८३ नंतर, प्रत्येक सर्व्हिसची वेगळी स्क्रिप्ट आली, तिलाच स्टार्ट किंवा स्टॉप सांगायचं, आणि एस आणि के अक्षरांच्या लिंका आल्या, एस म्हणजे स्टार्ट, के म्हणजे किल, पुढे दोन आकडी क्रमांक. दिसायला दोन्ही बाजू सारख्या. पण स्टॉप चालायचा कधी, तर बहुतेक वेळा मशीन बंद होताना, आणि त्यानंतर पॉवरच जाणार, मेमरी रिकामी, लॉक गेले, आयपी गेला, त्यामुळे स्टॉप अर्धवट झाला तरी कुणाला कळायचं नाही. स्टार्ट चुकला तर सकाळी फोन यायचा. म्हणून लोकांनी जीव लावून स्टार्ट लिहिला आणि स्टॉप उरकला.

क्लस्टरमध्ये नेमकं हेच उलटं होतं. मशीन चालूच राहणार आहे, फक्त त्यावरची सर्व्हिस पूर्ण मरून शेजारच्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या दुसऱ्या मशीनवर उभी राहायची आहे, म्हणजे स्टॉप ही इथे सगळ्यात जबाबदारीची गोष्ट.

आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवरचं एचएसीएमपी हे क्लस्टर सॉफ्टवेअर १९९१ मध्ये आलं, पुढे त्याचं नाव पॉवरएचए झालं. त्यात अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणून जे भरायचं असायचं ते म्हणजे एक नाव, स्टार्ट स्क्रिप्टचा पाथ आणि स्टॉप स्क्रिप्टचा पाथ, बाकी आत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही. एचपीच्या सर्व्हिसगार्डमध्येही पॅकेजच्या कंट्रोल स्क्रिप्टमध्ये आपल्या कमांड घालायला जागा सोडलेली. म्हणजे महागडं क्लस्टर सॉफ्टवेअर घेतलं तरी भरवसा शेवटी अ‍ॅडमिनने रात्री जागून लिहिलेल्या शेल स्क्रिप्टवर. लोकांनी काय केलं, तर बूटची जुनी स्क्रिप्ट उचलली आणि तशीच लावली.

व्हेरिटासच्या क्लस्टर सर्व्हरने मात्र एक फार मोलाची गोष्ट केली असं मला वाटतं. त्यांच्या एजंटला, म्हणजे सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, ऑनलाइन (चालू करणं), ऑफलाइन (बंद करणं), मॉनिटर (तपासणं) आणि क्लीन (बंद होताना फसलं तर जबरदस्तीने साफ करणं) अशी चार मुख्य कामं होती. क्लीन वेगळं ठेवलं याचा अर्थ ऑफलाइन फसू शकतं हे त्यांनी डिझाइनमध्येच धरलं, आणि मॉनिटर वेगळं ठेवलं म्हणजे 'मी बंद केलं' असं स्क्रिप्टने सांगून भागत नाही, खरंच बंद झालं का ते परत बघायचं.

२००७ ची गोष्ट. उन्हाळ्यात लोडशेडिंग जोरात होतं तेव्हा, सांगलीतल्या एका संस्थेत दोन सर्व्हर, मध्ये एक सामायिक डिस्क, त्यावर साधी ईएक्सटीथ्री फाइल सिस्टिम, आणि डेटाबेस थांबवून डिस्क सोडणारी एकच घरगुती स्क्रिप्ट. दुपारी पहिला नोड रिकामा करायला घेतला. डेटाबेस इमिजिएट मोडमध्ये बंद करायची कमांड दिली पण तो कुठलातरी मोठा व्यवहार मागे फिरवत बसला, वेळ संपला म्हणून स्क्रिप्ट पुढे गेली, डिस्क सोडणाऱ्या यूमाउंट कमांडने 'डिव्हाइस इज बिझी' म्हणून सांगितलं, ते लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि त्याच्या खालच्या ओळीत एक्झिट झिरो. क्लस्टरला वाटलं सुटली डिस्क. दुसऱ्या नोडने तीच डिस्क माउंट केली. दोन मशीन एकाच वेळी एकाच ईएक्सटीथ्रीवर लिहायला लागली, वीस मिनिटांत डेटाबेसच्या फाइलींची माती झाली. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवून दिवसभराच्या एंट्र्या पावत्यांवरून परत मारल्या, तिथल्या दोन ताई रात्री अकरापर्यंत बसल्या होत्या, त्यांचे दमलेले चेहरे मला अजून आठवतात.

लिनक्सवर हार्टबीट नावाचं सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, सुरुवातीला दोनच नोड, आणि ते थेट इनिटच्या, म्हणजे बूटच्याच स्क्रिप्टा वापरायचं, सर्व्हिस जिवंत आहे का हेही स्वतः तपासायचं नाही. मग लिनक्स स्टँडर्ड बेस या लिनक्सच्या सामायिक मानकाने या स्क्रिप्टांचे नियम लिहून ठेवले: स्टेटस शून्य म्हणजे चालू, तीन म्हणजे बंद, चालू असलेल्याला स्टार्ट सांगितलं तरी यश, बंद असलेल्याला स्टॉप सांगितलं तरी यश. हा शेवटचा नियम पोरांना विचित्र वाटतो, पण क्लस्टर गोंधळलं की आधी सगळीकडे स्टॉप पाठवतं, आणि 'आधीच बंद आहे' यावर तुम्ही एरर दिली तर तो स्टॉप फसला असंच धरतं.

त्यावर ओसीएफ या क्लस्टर स्क्रिप्टांच्या मानकाने आणखी बारकाई आणली. २००५ च्या हार्टबीट दोनमध्ये नवा रिसोर्स मॅनेजर, म्हणजे कुठला रिसोर्स (सर्व्हिस, डिस्क, आयपी) कुठल्या नोडवर चालवायचा ते ठरवणारा भाग आला, तोच पुढे पेसमेकर म्हणून वेगळा झाला, आणि मॉनिटरने सात परत दिलं तर नीट बंद, एक दिलं तर काहीतरी बिघडलंय, हा फरक पक्का झाला. नोड क्लस्टरमध्ये आला की पेसमेकर प्रत्येक रिसोर्सचा मॉनिटर तिथे एकदा चालवतोच, डिस्क तिथे नसली तरी, तेव्हा फाइल सापडली नाही म्हणून एक देणारी स्क्रिप्ट उगाच गोंधळ घालते. आणि स्टॉप फसला तर पेसमेकर विश्वास ठेवत नाही, फेन्सिंग, म्हणजे नोड बाहेरून जबरदस्तीने बंद करायची सोय असेल तर तो अख्खा नोडच पाडतो. कठोर वाटेल, पण २००७ ला तसं झालं असतं तर आमचा डेटा वाचला असता. फक्त डिफॉल्ट टाइमआउट वीस सेकंदांचा आहे हे लक्षात ठेवा, मोठा डेटाबेस तेवढ्यात बंद होत नाही आणि धडधाकट नोड उगाच पडतो.

२०१० ला लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टिमडी आलं, त्याला प्रत्येक सर्व्हिसची पिल्लं (तिने जन्माला घातलेल्या प्रोसेस) सीग्रुपमुळे, म्हणजे लिनक्सच्या प्रोसेसचे गट करायच्या सोयीमुळे माहीत असतात, त्यामुळे स्टॉप बराच सुधारला. आता शंका स्टार्टची असते, कारण सिंपल प्रकारच्या युनिटमध्ये (सिस्टिमडीच्या सर्व्हिसच्या व्याख्येत) प्रोसेस जन्मली की 'चालू' असं उत्तर येतं, ती गिऱ्हाईक घ्यायला तयार आहे का ते कुणी विचारत नाही.

पोराला हे सगळं चहा घेत सांगितलं, मग दोघांनी मिळून त्याचा स्टॉप परत लिहिला. सगळ्या कमांडचे पूर्ण पाथ घातले कारण क्लस्टर चालवतं तेव्हा आपलं प्रोफाइल (लॉगिनच्या वेळी पाथ वगैरे लावणारी फाइल) नसतं, आधी टर्म, मग प्रोसेस खरंच गेली का ते दर सेकंदाला बघायचं, मग किल, मग फ्यूजरने डिस्क कुणी धरलीय ते लॉगमध्ये लिहायचं, मग यूमाउंट, आणि जे झालं तोच कोड बाहेर द्यायचा. यूमाउंट दुसऱ्यांदाही फसला तर किती वेळ थांबायचं ते अजून ठरलं नाही, सोमवारी टेस्ट नोडवर मुद्दाम एक शेल त्या डिस्कवर उघडी ठेवून बघणार आहोत.