रिपोर्ट बरोबर आला, पुढे काय?

कंबर धरली म्हणून माणूस दवाखान्यात जातो. डॉक्टर वाकवून बघतात, झोपवून पाय सरळ वर उचलतात, अंगठ्यात जोर आहे ना ते तपासतात आणि सांगतात, ‘स्नायूंचं दुखणं आहे, हळूहळू कमी होईल.’ पेशंटचं समाधान होत नाही. ‘डॉक्टर, एकदा एक्स-रे काढून घेऊ या का? मनाला बरं.’ हा संवाद आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे, कित्येकांनी केलेलाही आहे.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या परिसरात काही संशोधकांनी याच एक्स-रेची परीक्षा घेतली. किमान सहा आठवडे कंबर दुखत असलेले ४२१ रुग्ण त्यांनी घेतले. कोणाचा एक्स-रे काढायचा आणि कोणाचा नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे दोन्ही गट सारखे राहिले. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर एक्स-रे न काढलेल्यांपैकी १०० पैकी ६५ जणांची कंबर अजून दुखत होती, तर एक्स-रे काढलेल्यांपैकी ७४ जणांची. डॉक्टरांकडच्या फेऱ्याही एक्स-रेवाल्यांच्याच जास्त झाल्या. नऊ महिन्यांनी विचारलं तेव्हा उपचारांबद्दल जास्त समाधानी मात्र एक्स-रेवालेच होते.

यात एक्स-रे कुठेही चुकलेला नव्हता. मणक्याची झीज दिसली तिथे ती खरोखरच होती. पण वय वाढलं की अशी झीज कंबर न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास सापडते. आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आलाय’ हे शब्द एकदा कानावर पडले, की माणूस वाकायला, उचलायला, चालायलाही बिचकू लागतो. कंबर बरी होण्यासाठी जी हालचाल हवी, तीच थांबते. बरोबर आलेल्या रिपोर्टनेसुद्धा माणसाचं नुकसान होऊ शकतं, हे मला या छोट्या अभ्यासातून पहिल्यांदा नीट समजलं.

औषध आणि तपासणी यांत एक मूलभूत फरक आहे. गोळी पोटात गेली की ती थेट शरीरावर काम करते. तपासणी स्वतः कोणालाच बरं करत नाही. नमुना नीट घेतला गेला पाहिजे, रिपोर्ट वेळेत आला पाहिजे, तो डॉक्टरने वाचून आपला निर्णय बदलला पाहिजे, त्या निर्णयाप्रमाणे उपचार मिळाले पाहिजेत आणि ते उपचार गुणकारीही असले पाहिजेत. यातली एक कडी निसटली तर उरतो तो फाइलमधला कागद. तरीही तपासणीची जाहिरात होते ती ‘९८ टक्के अचूक’ अशी. अचूकता हवीच, पण तिच्यापुढे जाऊन विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तपासणी झालेली माणसं, न झालेल्या माणसांपेक्षा जास्त जगली का, कमी आजारी पडली का?

या प्रश्नाचं जगातलं एक उत्तम उत्तर आपल्या मराठवाड्यातून मिळालं आहे आणि ते मराठी वाचकांना फारसं ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. १९९९ मध्ये तिथे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी एक प्रचंड प्रयोग सुरू झाला. शेजारच्या बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि टाटाचे डॉ. शास्त्री ही त्यातली प्रमुख नावं. गावांचे ५२ समूह केले आणि ते १३-१३ असे चार गटांत वाटले. ३० ते ५९ वर्षांच्या एकूण १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या.

पहिल्या गटात एचपीव्ही चाचणी. ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याचा डीएनए नमुन्यात आहे का, हे यात यंत्र सांगतं. दुसऱ्या गटात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखावरून खरवडलेल्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तिसऱ्या गटात सगळ्यांत साधी, ‘व्हीआयए’ नावाची तपासणी. कापसाचा बोळा सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये (व्हिनेगरमध्ये असतं तेच) भिजवून गर्भाशयाच्या मुखाला लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी बघायचं. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. प्रयोगशाळा नको, वीज गेली तर टॉर्च चालतो, निकाल बाई तिथे असतानाच सांगता येतो. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. त्या काळी ग्रामीण भागात या कॅन्सरची नेमाने तपासणी होतच नव्हती, त्यामुळे याचा अर्थ तपासणी नाही असाच होता.

तिन्ही गटांत जिची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तिला पुढची कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयाच्या मुखाची बारकाईने पाहणी), गरज असेल तर बायोप्सी, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासणं, आणि उपचार. पुढची साखळी तिन्ही गटांना सारखीच.

सुरुवातीचे आकडे २००५ मध्ये आले. कॅन्सरच्या आधीची धोक्याची अवस्था किती बायकांत सापडली, हे त्यांत होतं. तिन्ही तपासण्यांचं उत्तर जवळपास एकच निघालं: १०० बायकांत साधारण एक. प्रयोग तिथेच थांबवला असता तर निष्कर्ष सरळ होता, की तिन्ही सारख्याच, मग स्वस्तातली घ्या. कोणीही समंजस माणूस हेच म्हणाला असता.

संशोधक थांबले नाहीत. आठ वर्षं त्यांनी या बायकांचा माग ठेवला: कोणाला कॅन्सर झाला, कोणत्या टप्प्यावर सापडला, कोण दगावलं. २००९ मध्ये निकाल जाहीर झाला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांच्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले होते. एचपीव्ही चाचणीचा गट त्याहून मोठा, ३४,१२६ बायकांचा, आणि त्यात मृत्यू ३४. जवळपास निम्मे. पॅप स्मिअर आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंत खात्रीने सांगता येईल अशी घट दिसली नाही.

असं का झालं, याचं उत्तर ‘निगेटिव्ह’ आलेल्या बायकांमध्ये होतं. त्यांच्यात पुढच्या वर्षांत किती कॅन्सर उद्भवले? दर एक लाख स्त्री-वर्षांमागे (एका बाईचा एक वर्ष माग ठेवला की एक स्त्री-वर्ष) पॅप स्मिअरच्या गटात १५.५, व्हीआयएच्या गटात १६ आणि एचपीव्हीच्या गटात फक्त ३.७. विषाणूचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग आधी होतो आणि पेशी बिघडून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. विषाणूच नसेल तर बाई पुढची अनेक वर्षं निर्धास्त. पेशी आज चांगल्या दिसल्या, तर ती ग्वाही आजपुरतीच. आयुष्यात एकदाच तपासणी होणार असेल, तर हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

याच निकालात आणखी एक आकडा आहे, त्यावर मी बराच वेळ अडलो होतो. एचपीव्ही गटात कॅन्सरचं निदान झालं १२७ बायकांना, तपासणी न झालेल्या गटात ११८ जणींना. नुसतं निदान मोजलं असतं तर तपासणीचा गट उलट मागेच वाटला असता. पण पुढच्या टप्प्याला, म्हणजे दुसऱ्या किंवा त्यापलीकडच्या स्टेजला गेलेले कॅन्सर एचपीव्ही गटात ३९ होते आणि तपासणी न झालेल्या गटात ८२. किती सापडले यापेक्षा कधी सापडले आणि पुढे काय झालं, हे महत्त्वाचं होतं.

चौथ्या गटाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. या प्रयोगावर कडक आक्षेप घेतले गेले. तपासणीने हा कॅन्सर रोखता येतो हे माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना का ठेवलं, हा प्रश्न विचारला गेला. संशोधकांचं उत्तर होतं, की तपासणी नसणं हीच तेव्हा तिथली रोजची परिस्थिती होती आणि गरीब देशात नेमकं काय उपयोगी पडेल याचा पुरावा नव्हता. दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात. पण ६४ हा आकडा वाचताना त्यामागे चौसष्ट घरं आहेत, हे विसरून चालणार नाही.

‘किती सापडले’ या मोजणीने एक अख्खा देश फसला होता. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सरकारी कॅन्सर तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण दवाखाने थोड्या जादा पैशांत तीही करून देऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या तुलनेत पंधरापट झालं. मृत्यूचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. म्हणजे सापडणाऱ्या बहुतेक गाठी अशा होत्या, ज्यांनी त्या माणसाला आयुष्यभर कधीच त्रास दिला नसता. ज्यांची ग्रंथी काढली त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला रोजची हॉर्मोनची गोळी आली, काहींच्या शरीरातल्या कॅल्शियमचं गणित कायमचं बिघडलं, काहींचा आवाज गेला. सोनोग्राफीने दाखवलेली गाठ प्रत्येक वेळी खरी होती.

‘लवकर निदान झालेले रुग्ण जास्त वर्षं जगतात’ हा दावाही असाच नीट पारखून घ्यावा लागतो. समजा दोन जावा आहेत, दोघींना एकच आजार आहे आणि दोघीही वयाच्या ६२ व्या वर्षी त्यानेच जातात. धाकटीला त्रास सुरू झाल्यावर ६० व्या वर्षी कळलं. थोरलीला तपासणीत ५५ व्या वर्षीच कळलं. कागदावर धाकटी निदानानंतर दोन वर्षं जगली आणि थोरली सात. प्रत्यक्षात थोरलीला एक दिवसही जास्त मिळाला नाही, पाच वर्षं आजाराच्या धास्तीत मात्र गेली. म्हणून मृत्यू मोजायचे, आणि तेही तपासणी झालेल्या व न झालेल्या पूर्ण गटांत.

कधी तपासणी उत्तम असते, पण साखळीतल्या पुढच्या कडीवर तिचा जोर चालत नाही. क्षयरोगाची जीनएक्सपर्ट चाचणी, जिला आपल्याकडे सीबीनॅट म्हणतात, हे त्याचं उदाहरण. बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी बरेच रुग्ण चुकवते. जीनएक्सपर्ट दोन तासांच्या आत त्याहून कितीतरी जास्त रुग्ण पकडते, वर रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं महत्त्वाचं औषध चालेल की नाही तेही सांगते. मृत्यू आणि आजारपण झपाट्याने कमी होणार, असं सगळ्यांनाच वाटलं. आफ्रिकेतल्या चार देशांत १,५०२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली आणि २०१४ मध्ये निकाल आला. पहिल्याच दिवशी उपचार सुरू होण्याचं प्रमाण १५ वरून २३ टक्क्यांवर गेलं, ही चांगली गोष्ट. पण दोन महिन्यांनंतर दोन्ही गटांत उपचारांवर असलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, आणि आजाराची तीव्रताही सारखीच.

कारण तिथले डॉक्टर रिपोर्टवर अडून बसत नव्हते. बेडका निगेटिव्ह आला तरी वजन उतरलेलं, संध्याकाळी ताप, एक्स-रेत डाग बघून ते औषधं सुरू करतच होते. नव्या चाचणीने जे सांगितलं, ते अनुभवी डॉक्टरांनी बऱ्याच रुग्णांत आधीच ओळखलं होतं. यावरून जीनएक्सपर्ट टाकाऊ ठरत नाही. औषधाला न जुमानणारा क्षयरोग ओळखायला तिची, आणि गोव्याच्या मोल्बायो कंपनीच्या ट्रूनॅट या तशाच चाचणीची, नितांत गरज आहे. उलट रक्तातून क्षय ओळखणाऱ्या, भरवसा नसलेल्या चाचण्या आपल्याकडे खासगी प्रयोगशाळांत सर्रास विकल्या जात होत्या. त्यांच्यावर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली, हे फार आवश्यक पाऊल होतं.

आता पुन्हा व्हीआयएकडे. उस्मानाबादेत तिचा परिणाम दिसला नाही, म्हणून ती निकामी का? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने हीच तपासणी वेगळ्या पद्धतीने करून पाहिली. सुमारे दीड लाख बायका, अर्ध्या तपासणीच्या गटात, अर्ध्या तुलनेसाठी. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना चार आठवडे प्रशिक्षण देऊन हे काम शिकवलं होतं. आणि तपासणी एकदा नाही, दर दोन वर्षांनी अशी चार वेळा झाली. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. बोळा तोच, ॲसिड तेच. मला वाटतं, फरक पडला तो पुन्हापुन्हा दार ठोठावण्याने. एका वेळी निसटलेला पांढरा डाग दोन वर्षांनी सापडण्याची संधी त्यात होती.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने आखलेल्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए ठरवली गेली. जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही चाचणीचाच आग्रह धरते. १०० पैकी ७० बायकांची पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा तपासणी व्हावी, आणि दोष सापडलेल्यांपैकी ९० टक्के बायकांना उपचार मिळावेत, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणीच्या आकड्याला उपचाराचा आकडा जोडलेला आहे, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. उस्मानाबादच्या त्या पहिल्या, एचपीव्ही गटातल्या बायकांची तपासणीही एकदाच झाली होती.