बॅटरी बसली, की गाडी बॅटरी खातेय?

जुनी गाडी चार दिवस उभी राहिली आणि किल्ली फिरवल्यावर सेल्फऐवजी नुसती टकटक ऐकू आली, की आपल्या तोंडून निघतं, ‘बॅटरी गेली.’ या दोन शब्दांत दोन अगदी वेगळे दोष असतात. एकात बॅटरीच बसलेली असते. कितीही भरा, चार्ज धरत नाही. दुसऱ्यात बॅटरी ठणठणीत असते, पण गाडी बंद असताना कुठलीतरी वायर, दिवा किंवा रिले तिच्यातून गुपचूप करंट ओढत असतो. सकाळी दिसतं ते मात्र सारखंच. म्हणून नवी बॅटरी येते, काही आठवडे बरे जातात आणि पुन्हा तीच टकटक.

आधी एक शक्यता बाजूला काढा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील, तर बॅटरी मुळात भरलीच जात नाहीये. तिथे दोष अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र), त्याचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर, पट्टा नाहीतर वायरिंगमध्ये शोधायचा.

बंद गाडी थोडा करंट घेणारच. घड्याळ, स्टिरिओची मेमरी, अलार्म यांना तो लागतो. ५० मिलिअँपिअरपर्यंत सहसा काळजी नसते. नुसतं घड्याळ असलेल्या जुन्या गाडीत याहून बराच कमी हवा. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-अवर) जातात, म्हणजे ४० अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी अर्ध्यावर यायला सोळा-सतरा दिवस लागतात. आता डिकीतला ५ वॅटचा बल्ब घ्या. तो साधारण ०.४ अँपिअर ओढतो, दिवसाला १० अँपिअर-अवर. दोन दिवसांत अर्धी बॅटरी खलास! आणि बॅटरी म्हातारी असेल, तर तिच्यात मुळात ४० उरलेलेच नसतात. त्यामुळे तोच बल्ब एका रात्रीत गाडी बंद पाडतो आणि सगळा दोष बॅटरीवर जातो.

दोघांना वेगळं करायला १० नंबरचा पाना आणि व्होल्ट मोजायला मल्टीमीटर बहुतेक वेळा पुरतो. बॅटरी पूर्ण भरा आणि काही तास तशीच राहू द्या. गाडी बंद केल्याबरोबर मोजलं तर १२.९ वगैरे आकडा दिसतो, तो वरवरचा असतो, त्यावर विसंबू नका. निवांत झालेल्या भरलेल्या बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट असतात, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. आकडा लिहून ठेवा, निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि गाडी एरवी जितक्या दिवसांत दगा देते, तितके दिवस थांबा. एका रात्रीत निकाल लावायची घाई मला पटत नाही, कारण करंटची हळू गळती एका रात्रीत दिसतच नाही. (टर्मिनल काढल्यावर स्टिरिओ कोड मागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.) चांगली बॅटरी सुटी असताना महिन्याला काही टक्केच उतरते. तेव्हा आकडा जागेवर राहिला आणि सेल्फही नीट लागला, तर खाणारी गाडी आहे. सुटी असूनही १२.३ वर आली, तर बॅटरी बसलीय. १०.५ च्या आसपास दिसलं, तर बहुधा बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी एक कप्पा, म्हणजे सेल, मेलाय, कारण प्रत्येक सेलचे २.१ व्होल्ट असतात.

बॅटरी नापास झाली तरी थांबू नका, मीटर लावाच. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार पार उतरली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची ताकद कायमची कमी होते. गळतीच बॅटरी मारते, आणि मेलेली बॅटरी गळतीचा पुरावा झाकून टाकते.

मल्टीमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची वायर यांच्या मध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडालाच. दारं बंद ठेवा. दार उघडं ठेवावंच लागलं तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने मिटवा, म्हणजे आतला दिवा विझेल. गाडीत कंट्रोल युनिट्स (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) असतील तर ती झोपेपर्यंत अर्धा तास द्या. मग एकेक फ्यूज काढत आकड्याकडे बघायचं. तो जिथे धपकन उतरतो, ते सर्किट चोर. सगळे फ्यूज काढूनही उतरला नाही, तर अल्टरनेटरचा संशय घ्या. त्याची जाड वायर बहुधा या फ्यूजांमधून जात नाही आणि करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला डायोड फुटला की करंट उलटा वाहतो. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर दुसरा पुरावा शोधत बसू नका.

माझ्या गाडीत मीटरवर ०.४३ दिसत होतं. मी आधीच नवी बॅटरी घेऊन बसलो होतो आणि तीही तीनदा पार उतरली होती. एक फ्यूज काढल्यावर आकडा ०.०२ वर आला. त्या फ्यूजवर आतले दिवे होते, पण सगळे विझलेले. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. बाहेर काढून पाहिलं तर सगळा वेळ आतली स्टेपनी लख्ख दिसत होती. डिकीतल्या दिव्याच्या स्विचच्या दांडीवरचं रबर झिजल्यामुळे झाकण तिला दाबतच नव्हतं. नवं रबर बसवलं, बॅटरी भरली, टर्मिनल काढून तीन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी १२.३ व्होल्ट. गळती थांबली होती, पण तोवर ती बॅटरीही गेली होती.