काळं इंजिन गार राहतं का?

लांबचा पल्ला मारून आलेली जड टूरिंग मोटरसायकल बंद केली की ती बराच वेळ टिक् टिक् करत राहते. पाइप, सिलिंडर, सगळा तापलेला धातू गार होताना आकसत असतो, त्याचा तो आवाज. अशा वेळी तिच्या बाजूला वीतभर अंतर राखून उभं राहिलं तरी पोटरीला ऊब लागते. गरम हवा तर वर निघून जाते, मग बाजूला ऊब येते कुठून? ती येते प्रारणाने, म्हणजे प्रकाशासारख्याच पण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लहरींमधून. या गाड्यांच्या काळ्या रंगाचं विज्ञान याच उबेत आहे.

जड टूरिंग गाडी म्हणजे चकचकीत क्रोम, असं समीकरण कित्येक दशकं होतं. मग हार्ले-डेव्हिडसनच्या स्ट्रीट ग्लाइड स्पेशल आणि रोड ग्लाइड स्पेशल किंवा इंडियन या अमेरिकन कंपनीची चीफटन डार्क हॉर्स अशा गाड्या आल्या. इंजिन काळं, पाइप काळे, चाकं काळी. स्ट्रीट ग्लाइड स्पेशलचं वजन सुमारे 375 किलो आणि इंजिन 1868 घनसेंटिमीटरचं. इंडियनचं मोठं इंजिन 1890 घनसेंटिमीटरचं. इतकं मोठं इंजिन काळं केल्यावर वाद होणारच. एक बाजू म्हणते, काळा रंग उष्णता शोषतो, म्हणजे इंजिन जास्त तापणार. दुसरी म्हणते, काळा रंग उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे ते गार राहणार. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं मला जास्त रंजक वाटतं.

1804 मध्ये जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग मांडला. धातूच्या पोकळ घनाची एक बाजू घासून चकचकीत केलेली, एक काजळी धरलेली. आत गरम पाणी. सगळ्या बाजूंचं तापमान सारखंच, तरी समोर ठेवलेल्या तापमापकाला काळ्या बाजूकडून कितीतरी जास्त ऊब मिळाली. पृष्ठभागाच्या या गुणाला आज उत्सर्जकता म्हणतात. आदर्श काळ्या वस्तूची उत्सर्जकता 1 धरली तर काळ्या रंगाची 0.9 च्या आसपास भरते आणि चकचकीत क्रोमची जेमतेम 0.1.

आता हे आकडे इंजिनावर लावून पाहू. पृष्ठभाग 150 अंश सेल्सिअस आणि भोवताल 30 अंश धरला, तर काळा रंग दर चौरस मीटरमागे सुमारे 1200 वॉट उष्णता प्रारणाने बाहेर टाकतो. क्रोम टाकतो 130 वॉटच्या आसपास. फरक नऊ पटींचा! इथेच थांबलो तर काळ्या रंगाची बाजू जिंकली म्हणायला हरकत नाही.

पण इंजिन गार होतं ते मुख्यतः वाऱ्याने. ताशी 90 किलोमीटरने जाणाऱ्या अशा गाडीने लिटरला 18 किलोमीटर दिले तर तासाला 5 लिटर पेट्रोल जळतं. एका लिटरमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे ज्वलनातून सतत 44 किलोवॉट निघत असतात. त्यातला साधारण चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. बाकी सगळी उष्णता, थोडी धुरातून, थोडी तेलातून, थोडी सिलिंडरच्या फिनांमधून, म्हणजे त्याच्या अंगावरच्या पातळ धातूच्या पात्यांमधून, बाहेर पडते. धावत्या गाडीवर आदळणारा वारा त्याच चौरस मीटरवरून सहा ते दहा हजार वॉट सहज उचलून नेतो. त्यापुढे रंगामुळे पडणारा हजारेक वॉटचा फरक फिका पडतो. त्यात फिना एकमेकींना खेटून असतात; एका फिनेने टाकलेलं प्रारण बरंचसं शेजारच्या फिनेवरच पडतं. वेगात असताना रंगाचा हिशेब जवळपास सोडून दिला तरी चालतो.

गाडी उभी राहिली की चित्र पालटतं. वारा थांबतो, आणि नुसत्या वर चढणाऱ्या गरम हवेने जाणारी उष्णता दर चौरस मीटरमागे हजार वॉटच्या आतबाहेर उरते. आता प्रारणाचे 1200 वॉट तिच्या बरोबरीला येतात. सिग्नलला थांबलेली, गर्दीत रेंगाळणारी गाडी असेल तर काळ्या इंजिनाचा फायदा खरा आहे. मात्र ही उष्णता ज्या दिशांना जाते, त्यांतल्या एका दिशेला चालवणाऱ्याची मांडी असते. इंजिनाला जे बरं, ते पायाला बरं असेलच असं नाही. पाइपच्या बाबतीत हे आणखी तीव्र होतं, कारण प्रारण केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. 400 अंशाला तापलेला उघडा काळा पाइप चौरस मीटरमागे 10 किलोवॉट फेकेल. म्हणूनच पाइपवर हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारं कवच असतं, मध्ये हवेची फट ठेवून. आपल्याला दिसतो तो काळा रंग पुष्कळदा या शील्डचा असतो, पाइपचा नव्हे.

रंगाचा थर म्हणजे इंजिनाला घातलेलं पांघरूण, ही शंकाही रास्त आहे. दिखाऊ क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो, तर पावडर कोटिंगचा, म्हणजे पूड भाजून चढवलेल्या रंगाचा, 60 ते 100 मायक्रॉन, आणि त्यातलं प्लास्टिकसारखं द्रव्य उष्णतेचं वाईट वाहक. तरी गणित केलं तर धातू आणि वारा यांच्यामधल्या एकूण अडथळ्यात त्या थराचा वाटा दोन-तीन टक्केच भरतो. एवढ्यासाठी काळजी करू नये. चिखलाने भरलेल्या फिनांची मात्र जरूर करावी.

आता ऊन. सूर्याची बहुतेक ऊर्जा अडीच मायक्रॉनहून आखूड लहरींमध्ये येते, तर 150 अंशाच्या इंजिनाची सर्वाधिक ऊर्जा सात मायक्रॉनच्या आसपास बाहेर पडते. डोळ्यांना दिसणारा काळेपणा पहिल्या पट्ट्यातला. इंजिन गार करतो तो दुसऱ्या पट्ट्यातला. इंजिन टाकीच्या सावलीत असल्याने उन्हाचा फटका त्याला फारसा बसतच नाही. तो बसतो टाकीला, सीटला, सॅडलबॅगच्या झाकणांना. उन्हात उभी केलेली काळी गाडी म्हणून नकोशी होते ती बसायला. गंमत अशी की क्रोमही उन्हात चांगलंच चटका देतं. ते ऊन कमी शोषतं, पण शोषलेलं बाहेर टाकताना त्याहून कंजूष असतं.

या गाड्यांचा उष्णतेशी खरा झगडा असतो मागच्या सिलिंडरपाशी. हार्लेच्या दोन सिलिंडरांमधला कोन 45 अंशांचा, इंडियनच्या या इंजिनात 49. दोन्ही एकामागे एक. पुढच्याला ताजा वारा, मागच्याला त्याची तापलेली उरलीसुरली हवा. त्यातून फेअरिंग, म्हणजे गाडीच्या पुढचं वारा अडवणारं आवरण, मोठं; म्हणजे पाऊस-वाऱ्यापासून चालवणाऱ्याला आसरा, पण गरम हवेलाही. हार्लेच्या मिलवॉकी-एट इंजिनात म्हणून सिलिंडरच्या डोक्याच्या (हेडच्या) सर्वात तापणाऱ्या भागाभोवती, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी, काही गाड्यांत तेल तर काहींत द्रव शीतक खेळवलेलं असतं. इंडियनच्या गाड्यांत इंजिन तापलेलं असताना उभ्या गाडीचा मागचा सिलिंडर आपोआप बंद पडतो आणि थ्रॉटल दिलं की पुन्हा चालू होतो. मला हा उपाय फार आवडतो: उष्णता कशी घालवायची याऐवजी ती निर्माणच करायची नाही.

मग पांढरं इंजिन? अवरक्त लहरींच्या लेखी पांढऱ्या रंगाची उत्सर्जकताही 0.9 च्या आसपासच आहे. अंधारात पांढरं इंजिन काळ्याइतकंच ऊब फेकेल. औष्णिक कॅमेऱ्यातून पाहिलं तर सारख्याच तापलेल्या काळ्या आणि पांढऱ्या रंगात फरक सांगता येणार नाही. क्रोमचा तुकडा मात्र तितकाच गरम असूनही गार दिसेल, आणि त्यात अंधुकसं उमटलेलं असेल कॅमेरा धरून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाच्या उबेचं प्रतिबिंब.